विमानाच्या वेडाचीही उगवणचाचणी करा!

या पानावर आपण बियाणे, खत, फवारणी यांवर बोलत असतो. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तो घरातल्या पोराबाळांचा आहे, त्यांच्या जिवाचा आहे आणि तुमच्या वावराचाही आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा, आणि जमल्यास गावच्या शाळेतल्या गुरुजींना वाचून दाखवा.

देवळी तालुक्यात कोणत्याही गावी गेलं की एक तक्रार हमखास कानावर पडते. "पोट्टं दिवसभर मोबाइलवर इमान उडवते, साहेब. वावरात येत नाही." या पोराला एकदम रागावू नका. विमानाचं वेड वाईट नाही. ते वेड कुठे न्यायचं हे कोणी सांगत नाही, ही खरी अडचण आहे.

दोन उदाहरणे, दोन्ही महाराष्ट्रातली

आपल्या देवळीवरून जो रस्ता यवतमाळला जातो, त्याच जिल्ह्यात महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. तिथल्या २४ वर्षांच्या एका तरुणाने स्वतःच्या हाताने एका माणसाचं हेलिकॉप्टर बनवलं होतं. शिक्षण आठवीपर्यंत, धंदा वेल्डिंगचा, इंजिन जुन्या मारुती गाडीचं. हातात कसब एवढं की इंजिनिअरनेही तोंडात बोट घालावं. ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या काही दिवस आधी, रात्री जमिनीवरच चाचणी चालू असताना शेपटीकडचा पंखा तुटला, मोठ्या पंख्यावर आदळला आणि मोठा पंखा त्याच्या डोक्याला लागला. पोरगा गेला. हेलिकॉप्टर तर उडालंही नव्हतं.

दुसरं उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचं. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्याला ते हवेत गेलं. पण लक्षात घ्या, यादव हे स्वतः विमान कंपनीचे वैमानिक. आधीचे दोन प्रयत्न तडीस गेले नव्हते. सगळी खटपट धरली तर वीस वर्षांच्या घरात जाते.

म्हणजे हौस आणि हुशारी दोघांकडेही होती. फरक शिक्षणाचा, पैशाचा आणि धीराचा होता. आपल्या गावातल्या पोराकडे यातली हौस आणि हुशारी आहे. बाकीचं येईपर्यंत त्याने काय करायचं? त्याला उत्तर आहे: उडणारं काहीही बांधायचं नाही, न उडणारं विमान बांधायचं. त्यालाच सिम्युलेटर म्हणतात.

उगवणचाचणीसारखंच

सोयाबीन पेरायच्या आधी आपण काय करतो? शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आठ दिवसांनी मोजतो. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. कमी उगवले तर नुकसान शंभर दाण्यांचं, वावराचं नाही. सिम्युलेटर हे विमानाच्या वेडाचं गोणपाट आहे. पुढ्यात पडदा, हातात दांडी, पायाखाली पायपट्टी. चूक झाली तर पडद्यावरचं विमान पडतं, पोरगं हसत पुन्हा सुरुवात करतं.

ही काही श्रीमंतांची कल्पना नाही. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण होता. वडिलांचा कारखाना पेटीसारख्या मोठ्या ऑर्गन वाद्यांचा. विमान शिकायला पैसे फार लागत, म्हणून त्याने १९२९ मध्ये ऑर्गनमधलेच भाते आणि पंप वापरून जमिनीवर डुलणारं खोटं विमान बनवलं. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतलं खेळणं समजून घेतलं. १९३४ मध्ये अमेरिकेच्या लष्कराकडे टपाल वाहून नेण्याचं काम आलं, खराब हवेत अनेक वैमानिक दगावले, तेव्हा लष्कराने लिंककडून सहा यंत्रं घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या निळ्या पेटीत बसून शिकले. आजही मोठ्या विमान कंपन्यांच्या वैमानिकांना ठरावीक मुदतीने सिम्युलेटरमध्ये बसून परीक्षा द्यावी लागते. उड्डाण घेताच इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे खऱ्या विमानात प्रवासी बसवून शिकवता येत नाही.

लिंकने भाते वापरले. आपल्याकडे प्लायवूड, सायकलची ट्यूब आणि रेडिओचे सुटे भाग आहेत.

आधी मोजमाप

नमुना म्हणून सेसना १७२ हे शिकाऊ विमान घ्या. जगभर सर्वात जास्त याच विमानावर लोक शिकले आहेत आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तेच आधीपासून असतं. त्याची आतली रुंदी सुमारे १०० सेंटिमीटर, दोघांची. आपण एकाच आसनाचं करू: रुंदी अडीच फूट, लांबी पाच फूट. सांगाडा एक इंची चौकोनी लोखंडी पाइपचा किंवा बाभळीच्या लाकडाचा. आसन जुन्या मोटारीचं भंगारात मिळतं. ते जमिनीपासून चौदा इंच उंच ठेवा. पॅनेल किती लांब ठेवायचं हे पुस्तकात शोधू नका. पोराला आसनात बसवा, पाठ टेकवून हात सरळ करायला सांगा, मुठीच्या टोकाशी खूण करा. तिथे पॅनेल.

दांडी

सेसनात सुकाणू मोटारीच्या चाकाच्या अर्ध्या तुकड्यासारखं असतं, पण ते बनवायला कटकटीचं. दोन पायांमधली उभी दांडी सोपी, आणि कितीतरी खऱ्या विमानांत तीच असते. दांडी पुढे ढकलली की नाक खाली, मागे ओढली की नाक वर, डावीकडे कलवली की विमान डावीकडे कलतं.

त्यासाठी एकमेकांवर आडवे असे दोन आस लागतात. प्रत्येक आस दोन लहान बेअरिंगमध्ये बसवा. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे जुन्या बेअरिंग पडलेल्या असतात. आसाचं एक टोक लेथवाल्याकडून ६ मिलिमीटर करून घ्या. त्या टोकाला रेडिओचा व्हॉल्यूम कंट्रोल जोडायचा. जोडायला मोटारसायकलच्या पेट्रोल पाइपचा इंचभर तुकडा चालतो. दोन्ही रेषा थोड्या चुकल्या तरी रबर सांभाळून घेतं.

व्हॉल्यूम कंट्रोल मागताना 'बी १० के' मागा. 'ए' खुणेचा घेऊ नका. तो आवाजासाठी असतो, दांडी सारखी हलवली तरी आकडा सारखा बदलत नाही. आणखी एक लक्षात ठेवा. ही खुंटी जवळपास तीनशे अंश फिरते, आपली दांडी मात्र चाळीस अंशच हलते. म्हणून घट्ट करण्याआधी खुंटी बरोबर मध्यावर आणा. नाहीतर दांडी एका बाजूला गेली की खुंटी आतून अडते आणि तुटते.

दांडी सोडली की मध्ये यायला हवी. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चार पट्ट्या चार बाजूंना सारख्या ताणून बांधा. काम झालं.

पायपट्टी

दीड फुटाची सागाची फळी घ्या, मधोमध बोल्टवर फिरती ठेवा, दोन टोकांना दोन पाय. बोल्टच्या खाली तिसरा व्हॉल्यूम कंट्रोल. येथे सगळे गोंधळतात, म्हणून नीट वाचा. सायकलच्या हँडलचं उजवं टोक पुढे ढकललं की सायकल डावीकडे वळते. विमानात उलट आहे. उजवा पाय पुढे, की नाक उजवीकडे. फळी बसवल्यावर पडद्यावर हे तपासा. उलटं आलं तर दोन टोकांच्या वायरांची अदलाबदल करा, फळी सोडवायची गरज नाही.

इंजिनचा वेग कमी-जास्त करायला सरकता व्हॉल्यूम कंट्रोल वापरा. जुन्या टेपरेकॉर्डरच्या इक्वलायझरमध्ये तो सापडतो. त्याला लाकडी गोळा लावून पॅनेलच्या खाली बसवा.

वायरिंग

सगळ्या खुंट्यांच्या वायरी एका लहान बोर्डावर येतात. त्याचं नाव आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो. हाच घ्या, साधा ऊनो घेऊ नका. लिओनार्डो हा संगणकाला 'मी जॉयस्टिक आहे' असं थेट सांगू शकतो, ऊनोला ते सरळ जमत नाही. प्रत्येक खुंटीला तीन पाय असतात: एक टोक पाच व्होल्टला, दुसरं टोक ग्राउंडला, मधला पाय बोर्डाच्या ॲनालॉग पिनला. बोर्ड त्या खुंटीची जागा ० ते १०२३ अशा आकड्यांत वाचतो. आपली दांडी त्यातले दीडशेच्या आसपास आकडे वापरते, तेवढे शिकायला पुरतात. बटणांचा एक पाय ग्राउंडला, दुसरा डिजिटल पिनला. लागणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो, दहावीचा पोरगा दोन रविवारी समजून घेतो.

वायर आखूड ठेवा आणि पंख्याच्या किंवा मोटारीच्या वायरीजवळून नेऊ नका, नाहीतर विमान थंडी भरल्यासारखं थरथरतं.

पॅनेल आणि पडदा

सहा मुख्य घड्याळं असतात: वेग, कल, उंची, वळण, दिशा आणि चढ-उताराचा वेग. खऱ्या विमानात त्यांचं भोक सव्वातीन इंचाच्या आत, सुमारे ७९ मिलिमीटरचं असतं. एक जुना सपाट मॉनिटर घ्या, त्यावर सहा गोल भोकं कापलेलं प्लाय ठेवा, मागच्या पडद्यावर घड्याळांचं चित्र आणा. लांबून खरं पॅनेल वाटतं.

समोरचं दृश्य दाखवायला घरचा टीव्ही चालतो. त्याचा मध्य पोराच्या डोळ्यांच्या रेषेत हवा. बत्तीस इंची टीव्ही सत्तर सेंटिमीटरवर ठेवला तर तो डोळ्यांसमोर सुमारे ५४ अंश व्यापतो. सॉफ्टवेअरमध्ये दृश्याचा कोन तेवढाच ठेवा. जास्त ठेवला की धावपट्टी आहे त्यापेक्षा दूर दिसते आणि विमान उतरवताना अंदाज चुकतो.

सॉफ्टवेअरचं नाव फ्लाइटगिअर. १९९७ पासून स्वयंसेवक ते बनवत आले आहेत, एक पैसा लागत नाही. संगणक जुना असेल तर झाडं, ढग, सावल्या बंद ठेवा. नागपूरचा विमानतळ त्यात आहे. तिथल्या धावपट्टीला १४ आणि ३२ असे आकडे आहेत. ते गट नंबर नव्हेत, होकायंत्राची दिशा आहे: १४० अंश आणि ३२० अंश, शेवटचा शून्य गाळून.

खर्च किती?

संगणक आणि टीव्ही घरी किंवा शाळेत आहेत असं धरू. सांगाडा, प्लाय, वेल्डिंग मिळून चार-पाच हजार. भंगारातलं आसन हजार-दीड हजार. जुना मॉनिटर दोन-तीन हजार. बोर्ड, खुंट्या, बटणं, वायर मिळून दोन हजारांच्या आत. बेअरिंग, लेथ, किरकोळ हजारभर. म्हणजे दहा ते तेरा हजारांत काम होतं. भाव गावागणिक बदलतात, आधी विचारून घ्या. भंगार चांगलं मिळालं तर आणखी कमी.

काळजी तीन गोष्टींची घ्या. एक, कॉकपिटमध्ये फक्त यूएसबीची पाच व्होल्ट वीज येऊ द्या, घरची वीज टीव्ही-संगणकापर्यंतच आणि अर्थिंगसह. दोन, उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या खोलीत संगणक ठेवू नका, आणि दिवे जातात म्हणून यूपीएस लावा. तीन, सगळ्यात महत्त्वाची: सांगाड्याला इंजिन, खरा पंखा किंवा हलणारा पाया लावायचा मोह झाला तर तिथेच थांबा. फुलसावंगी आठवा.

चाचणी कशी घ्यायची?

नुसतं बसवून सोडलं तर तो पुन्हा मोबाइलचाच खेळ होतो. एक वही करा. तारीख, किती वेळ, काय चुकलं, एवढंच लिहायचं.

पहिला आठवडा उडायचंच नाही, धावपट्टीच्या मधल्या रेषेवरून सरळ चालवायचं. दुसऱ्या आठवड्यात तीन हजार फुटांवर दहा मिनिटं सरळ उडायचं, उंची शंभर फुटांपेक्षा जास्त इकडे-तिकडे होऊ द्यायची नाही. पहिल्या दिवशी कोणालाच जमत नाही. मग तीस अंश कलून पूर्ण गोल वळण. मग उड्डाण: सेसना ताशी ५५ नॉट, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाला जमीन सोडते. मग उतरणं: ६५ नॉट धरून. शेवटी वर इंजिन बंद करून, समोर दिसेल त्या मोकळ्या शेतात उतरणं.

तीन महिन्यांनी वही उघडा. पोरगं स्वतःहून बसतं का? तीच चूक कमी होत गेली का? कंटाळवाणं सरळ उडणंही त्याने नेटाने केलं का? याचं उत्तर 'हो' आलं तर बियाणं चांगलं आहे. सहा दिवसांत धूळ बसली, तरी वाईट वाटू देऊ नका. दहा-तेरा हजारांत कळलं. एकरभर वावर विकून कळण्यापेक्षा बरं.

तिसरी गोष्टही घडते. काहींना उडवण्यापेक्षा वायरिंग आणि बेअरिंगच जास्त आवडतं. त्यांच्यासाठी विमान देखभालीचं शिक्षण आहे. नागपूरच्या मिहानमध्ये विमानं दुरुस्त करण्याचा मोठा तळ उभा आहे. ज्या पोराने घरी दांडीचा आस नीट बसवला, त्याला तो धंदा परका वाटणार नाही.

वावर विकण्याआधी

घरच्या सिम्युलेटरवरचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत, हे स्पष्ट सांगतो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात किंवा वर जातो. म्हणून क्रम असा ठेवा. आधी ही चाचणी. मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी. रंग ओळखण्याच्या दोषावर किंवा इतर दुखण्यावर गाडी अडते, ते फी भरल्यावर कळून उपयोग नाही. मग संस्था मान्यताप्राप्त आहे का, तिच्याकडे चालू स्थितीतली विमानं किती, हे स्वतः जाऊन पाहा. विदर्भात गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक प्रशिक्षण चालतं, एस.टी.चं तिकीट काढून बाहेरून तरी बघून या. 'अर्धे पैसे आज भरा, सीट पक्की' म्हणणाऱ्या दलालाला ओसरीवरूनच नमस्कार करा.

शेतीला काय उपयोग?

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ड्रोनने फवारणी केली तर माणूस औषधाच्या तुषारापासून दूर राहतो. केंद्राने २०२३ मध्ये बचत गटांच्या महिलांसाठी 'नमो ड्रोन दीदी' योजना जाहीर केली, त्यात पंधरा हजार गटांना ड्रोन देण्याचं ठरलं. फवारणीचा ड्रोन चालवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, वय किमान १८ आणि शिक्षण दहावी. त्या प्रशिक्षणातही आधी सिम्युलेटरवर हात बसवतात. ड्रोन स्वतःकडे तोंड करून आला की डावं-उजवं उलटं होतं, ही चूक पडद्यावर दहा वेळा केलेली बरी. वर सांगितलेल्याच बोर्डाला दोन लहान जॉयस्टिक लावल्या की ड्रोनचा सरावही होतो. म्हणून ही चाचणी मुलींचीही घ्या.

सरपंच, ग्रामसेवक आणि गुरुजींना

एका घराला जे जड, ते गावाला हलकं. पंचायतीत, शाळेत निर्लेखनाला निघालेले संगणक-मॉनिटर असतात. ते रीतसर ठराव करून शाळेला देता येतात का ते पाहा. ज्या शाळांना नीती आयोगाच्या योजनेतून अटल टिंकरिंग लॅब मिळाली आहे, तिथे अशा प्रकारचे बोर्ड आणि हत्यारं कपाटात असतात, कुलूप तेवढं उघडायचं आहे. गावातला वेल्डर, सुतार, मोटार रिवाइंडिंगवाला, आयटीआय शिकलेलं एखादं पोरगं यांना एका रविवारी शाळेत बोलवा. कॉकपिट एकाचं नको, शाळेचं असू द्या. वही प्रत्येकाची वेगळी.

आपल्या गावच्या पोरांच्या हातात कसब आहे, हे फुलसावंगीने सगळ्यांना दाखवलं आहे. त्या कसबाला चुका करायला सुरक्षित जागा देणं आपलं काम आहे. खरीप आटोपून कापूस घरी आला की दिवस जरा मोकळे होतात. तेव्हा भंगारवाल्याकडे एक चक्कर मारा, आणि येताना पोराला सोबत न्यायला विसरू नका. आसन त्याच्या मापाचं घ्यायचं आहे.

– विस्तार अधिकारी (कृषी), देवळी